घरातली आणि बागेतली अवजारं: कोणती घ्यावी, कशी पारखावी, नागपूरच्या हवेत कशी टिकवावी

होळी पेटली की नागपुरात कूलर माळ्यावरून खाली येतात. जुन्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे गवती पडदे, काढायच्या, नव्या बसवायच्या, पंपाची जाळी घासायची आणि स्टँडचा गंजून बसलेला बोल्ट सोडवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तो बोल्ट मी स्वयंपाकघरातल्या चिमट्याने सोडवायला गेले. बोल्ट हलला नाही. चिमटा मात्र तेव्हापासून फुलका नीट धरत नाही.

त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत अवजारांवर बरेच पैसे घातले, त्यातले निम्मे वाया गेले. आता माझी मतं पक्की झाली आहेत. आपला कोरडा उन्हाळा लाकडी दांडे आटवून ढिले करतो आणि पाठोपाठ येणारा पाऊस लोखंड खातो. या दोन्हीतून तगेल आणि आपल्याला जपता येईल, तेवढंच घरात आणायचं.

आधी वही, मग दुकान

गेल्या वर्षभरात कोणत्या कामासाठी मिस्त्री, प्लंबर किंवा माळी बोलावला, ते आठवून लिहा. माझ्या यादीत कूलर, गळका नळ, पडद्याचा दांडा, दाराची सैल बिजागरी, गच्चीवरचं लिंबू आणि अंगणातलं तण एवढंच निघालं. त्यासाठी शंभर नगांची पेटी लागत नाही. अशी एक पेटी मी हौसेने आणली होती. तिच्यातला पाना पहिल्याच दणक्यात फाकला, आणि चिमुकल्या सॉकेटांपैकी निम्म्यांचा उपयोग काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. अवजार सुटं घ्यावं, गरज पडेल तेव्हा एकेक घ्यावं.

घरासाठी: पक्कड, पाना, पेचकस, टेस्टर

इतवारीत लोहाओळीकडे गेलात तर हातात घेऊन पाहता येतं, हा मोठा फायदा. दुकानदार "मिस्त्री सोबत नाही का, ताई?" असं विचारेल. विचारू द्या.

पक्कड आठ इंची घ्या. जबडा मिटून उजेडाकडे धरा. टोकाशी फट दिसली तर परत ठेवा. आतल्या कटरने साधा कागद कापून पाहा. कागद नुसता दुमडला तर तार काय तुटणार? नाशिकच्या टपारियाची पक्कड माझ्याकडे बारा वर्षं आहे, तिला फक्त तेल लागतं.

पाना ॲडजस्टेबल, दहा इंची. तो वापरायची एक रीत आहे आणि ती न पाळल्यामुळेच बोल्टचे कोपरे झिजतात. जबडा आधी बोल्टवर गच्च बसवा, आणि जोर पान्याच्या अचल जबड्यावर येईल अशा बाजूने तो ओढा, सरकत्या जबड्यावर नाही. गंजलेल्या बोल्टला गंज सोडवणारं तेल मारून वीसेक मिनिटं थांबा. मग सोडवण्याआधी किंचित घट्ट करून पाहा. गंजाची पकड त्या उलट्या झटक्याने सुटते.

पेचकस दोन पुरेत, एक चपटा आणि एक फुलीचा दोन नंबर. फुलीचा लहान नंबर मोठ्या स्क्रूत घातला की स्क्रूची फुली गोल होते, आणि मग तो स्क्रू कोणाच्याच बापाला निघत नाही.

टेस्टरबद्दल मात्र घाई नको. लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे आपल्या उन्हाळ्यातलं सगळ्यात धोक्याचं त्रिकूट आहे. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. वायरिंग उलटसुलट जोडलेलं असेल तर बटण बंद असूनही आत करंट राहू शकतो. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून त्याचा दिवा पेटतो ना ते पाहा, मगच कूलरच्या बॉडीला लावा. पेटला तर प्लग काढून इलेक्ट्रिशियनला बोलवा. नाही पेटला तरी हात घालण्याआधी प्लग काढाच, कारण टेस्टर धोका दाखवतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. अर्थिंगची तिसरी पिन कोणी तोडून ठेवली असेल तर तो प्लग आजच बदला. घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घेतला तर या सगळ्या पेटीपेक्षा तोच जास्त कामाचा.

ड्रिल मशिन वर्षातून दोनदा लागत असेल तर शेजाऱ्याचं आणा. भोक पाडताना तीन गोष्टी पाहा: सहा मिलिमीटरच्या गिट्टीला (भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या खुंटीला) सहाचाच बिट, किती खोल जायचं तिथे बिटवर चिकटपट्टीची खूण, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, कारण भिंतीतली वायर बहुधा तिथूनच जाते. हॅक्सॉचं पातं बसवताना दात पुढच्या दिशेने हवेत. हातोडी, मोजपट्टी, टेफ्लॉन टेप यांत पारखण्यासारखं फारसं नाही.

बागेसाठी: काळ्या मातीशी जमवून घेणारं

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि बुटाला गोळे लागतात, वाळली की भेगाळून दगड होते. म्हणून पुण्या-मुंबईच्या कुंड्यांसाठी बनलेली पत्र्याची रंगीत खेळण्यातली फावडी इथे पहिल्याच दिवशी वाकतात. काम मातीच्या वेळेवर करायचं. मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. फुटून भुरभुरली तर वाफसा आला, खुरपं घ्या. तसाच गोळा राहिला तर दोन दिवस घरात बसा. वाफसा नसताना केलेल्या निंदणीत तण कमी निघतं, ढेकळं जास्त.

खुरपं लोहाराकडचं घ्या. महालातल्या बुधवार बाजारात किंवा गावाकडच्या आठवडी बाजारात मिळतं. ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यापासून बनवलेलं असेल तर उत्तम, ते पोलाद धार धरतं. नखाने टिचकी मारा. स्वच्छ टणत्कार यायला हवा, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. मग मूठ पाहा. पात्याची शेपटी मुठीच्या आरपार जाऊन मागे वाकवलेली असेल तर ती मूठ निखळत नाही. नुसती ठोकून बसवलेली पहिल्या मे महिन्यातच हातात येते.

अंगण असेल तर एक सब्बल, म्हणजे पहार, हवी. झाडांचे खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यायचे असतात, आणि त्या मातीत कुदळ उडी मारून परत येते. गच्चीवरच्या बागेला सब्बलही नको, फावडंही नको. खुरपं, झारी आणि सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, एवढ्यात संसार होतो. पाण्याचा पाइप मात्र सावलीत गुंडाळून ठेवा. उन्हात पडून तो कडक होतोच, शिवाय मे महिन्यात त्यातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत सोडा, मग झाडांना घाला.

सिकेटरवर पैसे घाला

एकाच अवजारावर हात सैल सोडायचा असेल तर तो सिकेटरवर. दोन प्रकार मिळतात. एकात कात्रीसारखी दोन पाती एकमेकांना घासून जातात, दुसऱ्यात पातं सपाट पाटावर आपटतं. ओल्या, जिवंत फांदीसाठी पहिला घ्या. दुसऱ्याने ती चिरडते. स्प्रिंग आणि पातं सुटं मिळतं का, ते घेतानाच विचारा.

संत्रा-लिंबाला त्याचं काम वर्षभर असतं. वाळलेल्या फांद्या काढणं, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सल काढणं, बहार संपल्यावर करतात. वाळक्या फांदीच्या खाली थोडा हिरवा भाग येईपर्यंत कापायचं. सरळसोट वर जाणारे पाणसोट काढायचे. आणि कलमाच्या जोडाखालून जे काटेरी फुटवे येतात ते दिसताक्षणी. ती जंभेरी असते, म्हणजे ज्या खुंटावर कलम बांधलं ते रानटी लिंबू. ठेवली तर दोन वर्षांत वरचं संत्रं बसतं आणि झाड जंभेरीचंच होतं. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, रोग पात्यावरून प्रवास करतो. अंगठ्याएवढ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. घरच्या एका झाडाला त्याचा दहावा भागही उरतो. कालवायला प्लास्टिकचं भांडं घ्या, लोखंडी नको.

वर्षातून दोन दिवस

एक दिवस मृग लागायच्या आधी, ७ जूनच्या आत. दुसरा खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. हळदकुंकू वाहायच्या आधी अवजारं घासायचीच असतात, तर त्याच हाताने धारही लावून घ्यावी.

धारेला आठ इंची चपटी कानस पुरते. ती पुढे ढकलतानाच कापते, मागे ओढताना उचलून घ्यायची. खर्रखर्र दोन्हीकडे घासली की कानस बोथट होते. खुरप्याला मूळची जी उतरती बाजू आहे तिच्यावरच, त्याच कलाने. सिकेटरचंही तसंच. सपाट बाजूला फक्त उठलेली कंगोऱ्याची धार अलगद पुसून काढायची.

गंज असेल तर पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात मी कन्हानच्या वाळूची बादली ठेवते, वाळूत थोडं मशिनचं तेल कालवलेलं. काम झालं की खुरपं तीन-चारदा त्यात खुपसायचं. माती निघते आणि तेलही लागतं.

दांडा ढिला झाला की आपल्याकडे अवजार पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगून त्या दिवसापुरतं घट्ट बसतं, पण लोखंडाच्या आत फुगताना त्याचे तंतू चेंगरतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. त्यापेक्षा नवी पाचर ठोका आणि जवसाचं तेल पाजा. विदर्भात जवस कमी नाही. चटणीला येतो तसा दांड्यालाही कामी येतो. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसा, सुकायला तीन-चार दिवस लागतात, मग दुसरा हात. पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि बोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी, दोरीवर एकेक पसरून वाळवा.

शेवटचं काम रंगाचं. खुरप्याच्या मुठीला लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढा, म्हणजे काळ्या मातीत पडलेलं दिसतं आणि शेजारी नेलेलं ओळखूही येतं. कपाटाच्या दाराच्या आत मी एक पाटी लावली आहे, कोणी काय नेलं ते खडूने लिहायला. सध्या तिच्यावर एकच ओळ आहे: सब्बल, वरचा मजला, पोळ्यापासून.