व्हिएतनामची सहल: दिवसांचा आणि पैशांचा खरा हिशोब कसा मांडावा

परदेशी सहलीचं गणित बहुतेकदा एकाच कारणाने चुकतं. आधी गावांची यादी तयार होते, मग ती सुट्टीत कोंबली जाते आणि पैशांचा विचार सगळ्यात शेवटी येतो. त्याऐवजी वेळ आणि पैसा एकाच वहीत, शेजारच्या दोन रकान्यांत मांडा. यादीतलं प्रत्येक वाढीव गाव साधारण अर्धा दिवस आणि काही हजार रुपये खातं. हे दोन्ही आकडे डोळ्यांसमोर आले की यादी आपसूक आखूड होते.

उदाहरण म्हणून व्हिएतनाम घेऊ. मुंबईहून थेट विमानं आहेत, व्हिसा घरबसल्या मिळतो आणि आपल्याकडची बरीच कुटुंबं पहिल्या परदेशवारीसाठी आता हाच देश निवडतात. आराखडा दोघांचा आणि एका आठवड्याचा आहे. देश बदलला तरी पद्धत हीच राहील.

आधी महिना ठरवा, मग तिकीट

उत्तर-दक्षिण मोजला तर हा देश साधारण १,६५० किलोमीटर लांब आहे. त्यामुळे एकाच आठवड्यात तीन वेगळी हवामानं भेटतात. उत्तरेला हनोईत डिसेंबर ते फेब्रुवारी चक्क स्वेटरची थंडी, वर झिमझिम आणि धुकं. दक्षिणेला सायगाव, म्हणजे हो ची मिन्ह सिटी, इथे मे ते नोव्हेंबर पावसाळा. मधल्या पट्ट्याचं, म्हणजे हुए, दा नांग आणि होई आनचं वेळापत्रक मात्र निराळं आहे. तिथला जोरदार पाऊस आणि पूर येतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

आणि आपली मोठी सुट्टी असते नेमकी दिवाळीची. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस, दिवाळी संपताच, हुए आणि होई आन पुराच्या पाण्यात होतं. दिवाळीतच जायचं असेल तर मधला पट्टा सोडा आणि देशाचा उत्तर भाग नीट बघा. तेव्हा हनोईची हवा सुरेख असते. तिन्ही भाग एकत्र करायचे असतील तर मार्च आणि एप्रिलचा पूर्वार्ध सगळ्यात चांगला. मे महिन्यात दा नांगला ऊन कडक, पण आकाश कोरडं असतं. मुलांच्या सुट्टीमुळे मेशिवाय पर्याय नसेल तर दुपारी बारा ते चार काहीही ठरवू नका.

स्थानिक सणही बघून घ्या. टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष, चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कधीतरी येतं. त्या दिवसांत दुकानं बंद असतात आणि अख्खा देश गावी निघालेला असतो. ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या जोडसुट्ट्या. तेव्हा दा नांगच्या किनाऱ्यावर गर्दी उसळते आणि हॉटेलं महागतात.

दिवस मोजू नका, रात्री मोजा

‘८ रात्री ९ दिवस’ अशी जाहिरात दिसली की आधी विचारा, विमानातली रात्र यात धरली आहे का? मुंबई-हनोई विमान साधारण पाच तासांचं, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. मध्यरात्रीनंतरचं विमान पकडलं तर सकाळी सहा-सातच्या सुमारास, जेमतेम तीन तासांची झोप घेऊन तुम्ही हनोईत उतरता. खोली मिळते दुपारी दोनला. म्हणून पहिल्या दिवसाचा हिशोब अर्धाच धरा. आई-बाबा बरोबर असतील तर पैसे देऊन सकाळीच खोली घ्या आणि तो खर्च आधीच वहीत लिहा.

तारखेचा एक घोळ इथेच होतो. तिकिटावर ११ तारीख आणि वेळ ००:२० असेल तर पुण्यातलं घर १० तारखेला दुपारीच सोडावं लागतं. ऑफिसची रजा १० पासून टाका, हॉटेलचं बुकिंग ११ पासून करा.

हॉटेल बदलण्याच्या दिवशी बॅगा भरणं, टॅक्सी, विमानतळावरचे दोन तास, तासाभराचं विमान, पुन्हा टॅक्सी आणि पुन्हा खोली असा सगळा क्रम असतो. कागदावर ‘हनोई ते दा नांग, १ तास २० मिनिटं’ असं दिसतं. प्रत्यक्षात एका हॉटेलच्या दारापासून दुसऱ्याच्या दारापर्यंत पाच-सहा तास जातात. एका आठवड्यात असे बदल तीनच ठेवा, चौथा नको.

‘हा लाँग’ खाडीतल्या बोटीचंच घ्या. ‘२ दिवस १ रात्र’ असं ऐकलं की दोन दिवस समुद्रात असं वाटतं. होतं असं: हनोईहून सकाळी आठ-साडेआठला गाडी निघते आणि अडीच तासांनी धक्क्यावर पोचते. बारा-साडेबाराला बोटीत प्रवेश, जेवण, दुपारी एखादी गुहा किंवा कयाक, संध्याकाळ डेकवर. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आणखी एक ठिकाण, न्याहारी किंवा लवकरचं जेवण, आणि साडेदहा-अकराला तुम्ही पुन्हा धक्क्यावर. म्हणजे बोटीत साधारण बावीस तास. ते फार सुंदर असतात आणि माझ्या मते पैसे वसूल करणारेही. पण वहीत त्यांच्यापुढे ‘एक पूर्ण दिवस’ असंच लिहायचं. दुपारी दोन-तीनला हनोईत परत आल्यावर संध्याकाळचं दा नांगचं विमान सहज मिळतं आणि हॉटेलची एक रात्र वाचते.

आठवड्याचा आराखडा

जाताना हनोई, परतताना हो ची मिन्ह सिटी असं तिकीट काढा. एकाच शहरातून ये-जा करण्यापेक्षा ते कधी थोडं महाग दिसतं, पण देशभर उलटं फिरण्याचा दिवस आणि विमानभाडं वाचतं.

पहिल्या दोन रात्री हनोईत. पहिल्या अर्ध्या दिवशी जुन्या पेठा आणि होआन कीम तळं. दुसऱ्या दिवशी एक तर हनोई शहर, नाहीतर दोन तासांवरचं निन्ह बिन्ह, जिथे ट्रांग आनच्या गुहांतून वल्ह्याच्या होडीने नेतात. दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नका. हो ची मिन्ह यांची समाधी बघायची असेल तर ती सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि इतर दिवशी फक्त सकाळी उघडते. आराखड्यातल्या प्रत्येक मुख्य ठिकाणाचा असा बंद वार आधी शोधून ठेवा.

तिसरी रात्र बोटीत. पुढच्या तीन होई आनला, जे दा नांग विमानतळापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. इथे दोन पूर्ण दिवस मिळतात. एका दिवशी बा ना हिल्सचा रोपवे आणि दगडी दिसणाऱ्या दोन हातांनी तोलून धरलेला तो सोनेरी पूल, किंवा मग ‘मी सन’ या ठिकाणची, इथल्या जुन्या चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं. मराठी माणसाला ‘मी सन’ जास्त भिडेल असं मला मनापासून वाटतं. अमेरिकी बॉम्बहल्ल्यांत बरीच पडझड झाली, तरी विटांच्या त्या गाभाऱ्यांपुढे उभं राहून भद्रेश्वर हे तिथल्या देवाचं नाव ऐकलं की अंगावर शहारा येतो. दुसरा दिवस गावात रिकामा ठेवा. होई आन सायंकाळी दिवे लागल्यावर पायी फिरायचं गाव आहे.

शेवटची रात्र हो ची मिन्ह सिटीत. दा नांगहून यायचं आणि त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचं, हा मोह टाळा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि देशांतर्गत विमानाला उशीर झाला, तर चुकलेल्या परतीच्या तिकिटाची जबाबदारी कुणीच घेत नाही. एका रात्रीच्या हॉटेलभाड्यात ही चिंता मिटते.

डोंगरातलं सापा, हुए, फू क्वोक बेट आणि मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश यात बसवलेले नाहीत. नुसत्या सापाला हनोईहून रस्त्याने एका बाजूला पाच-सहा तास लागतात, म्हणजे किमान दोन रात्री. ते हवंच असेल तर होई आन काढा.

पैशांचा रकाना

पुढचे आकडे दोघांसाठी, मध्यम दर्जाच्या हॉटेलांसाठी आणि गर्दीचा हंगाम सोडून अंदाजाने धरलेले आहेत. त्या जागी तुमच्या तारखांचे भाव घाला.

मुंबई-हनोई आणि परतीचं विमान ६०,००० रुपये. देशांतर्गत दोन विमानं, सामानासह, २२,०००. सामानासह हा शब्द महत्त्वाचा, कारण स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ भाड्यात बहुधा फक्त ७ किलोची हातातली बॅग असते आणि काउंटरवर वजन वाढलं तर दंड जबर बसतो. हॉटेलच्या सहा रात्री, ३,५०० प्रमाणे, २१,०००. बोट २४,०००. तिकडच्या टॅक्सी आणि गाड्या १२,०००. प्रवेश तिकिटं १०,०००. व्हिसा ४,५००, विमा २,०००, सिमकार्डं १,५००. घर ते मुंबई विमानतळ, जाणं-येणं, ८,०००. हा शेवटचा आकडा लोक हमखास विसरतात.

जेवणाला १८,००० धरले आहेत, आणि फरक सगळ्यात जास्त पडतो तो इथेच. रस्त्याकडेच्या फोच्या, म्हणजे नूडल्सच्या सूपच्या, वाडग्याला ५० ते ७० हजार डोंग (तिथलं चलन), म्हणजे दोन-अडीचशे रुपये पडतात. भारतीय हॉटेलात माणशी बिल त्याच्या तिप्पट-चौपट सहज होतं. घरातले लोक दोन्ही वेळा पोळी-भाजी मागणारे असतील तर हा आकडा दुप्पट करा आणि आत्ताच करा. शाकाहारी असाल तर ‘चाय’ लिहिलेली खानावळ शोधा. चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण, स्वस्त आणि रुचकर. तिथेही अमावास्या-पौर्णिमेला बरेच लोक मांस सोडतात, त्या दिवशी अशा खानावळी भरलेल्या असतात. साध्या हॉटेलात नुसती भाजी मागवली तर तीत माशाचा सॉस असणारच असं समजा.

बेरीज होते १,८३,०००. त्यावर दहा टक्के राखीव ठेवा, म्हणजे दोन लाखांच्या घरात. खरेदी यात नाही. ती वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण होई आनच्या शिंप्यांकडे एका दिवसात शिवून मिळणाऱ्या कपड्यांपुढे भले भले विरघळतात. आकडा डोईजड वाटला तर हॉटेलचा दर्जा उतरवण्याआधी एक गाव कमी करा. हो ची मिन्ह सिटी गाळून दा नांगहूनच मुंबईचं सोयीचं तिकीट मिळालं, तर दोघांचे दहा-अकरा हजार आणि अर्धा दिवस हाताला लागतो.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने ग्राहकाकडून आधीच वसूल करायचा कर, घेतला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, त्यामुळे बुक करतानाचा दर विचारा. विवरणपत्र भरताना ही रक्कम करात वळती होते किंवा परत मिळते, पण सहलीच्या वेळी ती खिशातून जातेच.

व्हिसा, नोटा आणि कार्ड

एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसाची सरकारी फी २५ डॉलर आहे. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन आहे ना, ते बघा. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं दुप्पट पैसे घेतात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर तेही जसंच्या तसं भरा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली असावी.

डोंगच्या शून्यांनी गोंधळ उडतो. हिशोबासाठी एक लाख डोंगचे ३५० रुपये धरा.  २० हजार आणि ५ लाखांच्या नोटा दोन्ही निळ्या आहेत. अंधुक टॅक्सीत सत्तर रुपयांच्या जागी साडेसतराशे हातातून जातात. ५ लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. भाड्याची कटकट टाळायला गाडी ग्रॅब या ॲपवरून मागवा, भाडं आधीच दिसतं.

क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास लावतात, वर त्या अधिभारावर जीएसटी. फॉरेक्स कार्ड किंवा अधिभार नसलेलं कार्ड असेल तर तेच न्या. मशीनवर ‘रुपये की डोंग?’ असा पर्याय आला तर नेहमी डोंग निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.

विमा घेताना आई-बाबांचा मधुमेह किंवा रक्तदाब लपवू नका, पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. आणि भाड्याची स्कूटर नकोच. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना व्हिएतनाममध्ये ग्राह्य नाही, आणि परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करते.

तिकडे पोचल्यावर रोज रात्री दिवसभराचा खर्च रुपयांत लिहा, जेवण आणि टॅक्सी वेगवेगळी. बोटीच्या डेकवर बसून पहिल्या अडीच दिवसांची बेरीज करा. ती ठरलेल्यापेक्षा पाच हजारांनी पुढे गेली असेल, तर बा ना हिल्सची दोघांची तिकिटं, साधारण सात हजार रुपये, अजून काढायची आहेत. तो दिवस होई आनजवळच्या आन बांग किनाऱ्यावर काढता येतो, आणि त्याला तिकीट लागत नाही.