अ‍ॅम्प गुणगुणतोय? आधी केबल काढा

माझ्याकडे गिटारचे अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रार एकच असते, ‘खूप आवाज करतो’. मी विचारते, कसला आवाज? घूं असा जाड, एकाच सुरात अडकलेला? की तोच सूर, पण त्याला कर्कश झिणझिणी धार? स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी सूं? की नॉब फिरवला की कडकड? या सगळ्यांची मुळं वेगळी असतात, त्यामुळे आधी दोन मिनिटं नुसतं ऐका.

मग पहिलं काम. गेन (सिग्नल सुरुवातीला किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) आणि व्हॉल्यूम नेहमी वाजवता तिथेच ठेवा आणि इनपुटमधली केबल अ‍ॅम्पच्या बाजूने उपटा. बहुतेक अ‍ॅम्पच्या इनपुट जॅकमध्ये अशी सोय असते, की प्लग निघाला की इनपुट आपोआप ग्राउंडला जोडलं जातं. आवाज थांबला तर अ‍ॅम्प बहुतेक निर्दोष आहे. दोष गिटार, केबल, पेडल किंवा खोलीत शोधायचा. चालूच राहिला तर अ‍ॅम्प किंवा त्याला मिळणारी वीज. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी अ‍ॅम्प या एका परीक्षेनंतर तसेच परत जातात.

आवाज थांबला असं धरू. आता सगळी पेडलं (गिटारचा आवाज बदलणारे पायाशी ठेवायचे डबे) बाजूला ठेवून गिटार एकाच चांगल्या केबलने थेट अ‍ॅम्पला लावा. शांत झालं तर पेडलं एकेक करून परत जोडा. एकाच अडॅप्टरच्या माळेवर डिजिटल डिले आणि जुना फझ ही दोन पेडलं एकत्र बसवली, की बारीक शिट्टी हमखास येते. खात्री करायची तर संशयित पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. शिट्टी गेली तर दोष पेडलचा नाही, वीजपुरवठ्याचा. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट देणारा पुरवठा घ्या.

केबल तपासताना ती दोन्ही टोकांशी हलवा. आणि ती खरंच गिटारची आहे ना, तेही बघा. स्पीकरच्या केबललाही तसाच प्लग असतो, पण आत शील्ड, म्हणजे बाहेरचा गोंधळ अडवणारं जाळीचं आवरण, नसते, त्यामुळे ती गिटारला लावली की भणभणणारच. उलटी अदलाबदल तर करूच नका. गिटारच्या केबलमधली बारीक तार स्पीकरचा करंट वाहण्यासाठी नसते.

आता गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला, तर तो तारांखालचं पिकअप पकडत होतं. राहिला, तर केबल, गिटारचा जॅक किंवा आतला ग्राउंडचा टाका. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे. ते तारांची थरथर पकडतं, तसंच जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही पकडतं. गिटार घेऊन जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका कोनात घूं जवळजवळ नाहीशी होईल. ही गिटारची खोड आहे, बिघाड नव्हे. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत १९५५ साली हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच त्रासावर: दोन कॉइल, उलटे वेढे, उलटे चुंबकीय ध्रुव, म्हणजे तारांचा सिग्नल बेरजेत येतो आणि बाहेरचा गुंजारव वजा होतो. स्ट्रॅट या तीन पिकअपच्या गिटारमध्ये मधलं पिकअप उलट्या वेढ्यांचं आणि उलट्या ध्रुवांचं असेल, तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागीही हीच शांतता मिळते.

तारांना हात लावल्यावर भणभण कमी होते? घाबरू नका. तारा ब्रिजमार्फत ग्राउंडला जोडलेल्या असतात. तुमचं शरीर खोलीतला गोंधळ अँटेनासारखं गोळा करत असतं, तो हात लावताच ग्राउंडला जातो. आवाज फारच असेल तर गिटारच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवतात, पण ती पट्टी ग्राउंडला जोडायची राहिली तर मेहनत फुकट. हात लावल्यावर आवाज उलट वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आहेत का ते बघा. आणि तारांना किंवा मायक्रोफोनला हात लावताच बोटांना झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथेच थांबवा, प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. इथे मी अजिबात ऐकून घेत नाही.

खोलीतले गुन्हेगार ठरलेले आहेत: दिव्याचा डिमर, एलईडीचा सुमार ड्रायव्हर, चार्जर. एकेक बंद करा. मोबाइल अ‍ॅम्पवर ठेवायची सवय सोडा. जुन्या टूजी जोडणीचं ते टिक-टिक-टिर्र म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणारं प्रक्षेपण.

लॅपटॉप किंवा दुसरा अ‍ॅम्प जोडल्यावरच घूं सुरू होत असेल, तर तो ग्राउंड लूप. दोन उपकरणं प्लगमधून आणि ऑडिओ केबलमधून अशी दोन वाटांनी एकाच अर्थला मिळतात आणि त्या वेढ्यात मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, सूर घुसतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर लावून बघा. नाही भागलं तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतंच. त्याने हम जातो खरा, पण बिघाड झाला तर तुमचा जीव आणि वीज यांच्यामध्ये दुसरं काही उरत नाही.

आता केबल काढूनही आवाज राहिला, ती बाजू. इथे मी गिटारनेच सूर लावून बघते. जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी म्हणजे सुमारे ९८ हर्ट्झ. मेन्स ५० हर्ट्झची असेल, तर अ‍ॅम्पचा सूर या जीच्या किंचित वर, म्हणजे १०० वर लागतोय का ऐका. लागला तर रेक्टिफायरनंतरचे (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतरचे) फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी, कारण पूर्ण तरंग सरळ केला की उरलेली लहर दुप्पट वेगाने येते. त्याच्या एक सप्तक खाली, ५० वर असेल, तर ट्यूबच्या हीटरची वायरिंग, ग्राउंड किंवा ट्रान्सफॉर्मरची जवळीक. जिथे मेन्स ६० हर्ट्झची आहे तिथे हे आकडे १२० आणि ६० होतात. जोडीला व्हॉल्यूम शून्य करा: सूर तसाच राहिला तर दोष त्या नॉबनंतरच्या भागात, कमी झाला तर आधीच्या.

असे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरात नसतानाही वयाने सुकतात, त्यामुळे ‘कपाटातच होता, नवाकोरा आहे’ याला अर्थ नाही. ते बदलायचं काम मात्र जाणकाराकडे द्या. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत ४०० व्होल्ट आणि त्याहून जास्त असू शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो भार धरून बसतात.

सूं थोडी राहणारच. कुठल्याही रेझिस्टरमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन हलतात आणि तेवढा आवाज होतोच. जॉन्सन यांनी तो मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं, दोघांचे लेख १९२८ चे. गेन दहावर नेऊन शांतता मागायची, हे जमायचं नाही. पण सूं अचानक वाढली तर इनपुटजवळची पहिली ट्यूब बघा, बहुधा १२एएक्स७. अ‍ॅम्प बंद करून, थंड झाल्यावर ती बदला; प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या, ट्यूबला बायस (ट्यूबचा करंट जुळवून घेणं) लावावा लागत नाही. ट्यूब मागून दिसत असतील तर चालू अ‍ॅम्पमध्ये लाकडी पेन्सिलीने हळूच टिचकी मारा. स्पीकरमधून ठणठण आली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे मायक्रोफोनसारखी हादरे पकडते.

नॉब फिरवताना कडकड झाली तर बंद अ‍ॅम्पच्या पॉटमध्ये (नॉबमागचा भाग) काँटॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा फिरवा. तरीही खरखर राहिली तर गळका कपॅसिटर पॉटवर डीसी सोडत असेल. आवाज मधूनच गळत असेल तर अ‍ॅम्पच्या मागे पेडलं जोडायला असतात त्या इफेक्ट्स लूपच्या सेंड आणि रिटर्न जॅकमध्ये एक छोटी केबल लावा. सुधारला तर तिथल्या जॅकचे काँटॅक्ट गंजलेत.

एकाच सुरावर खडखड होते ती बहुधा विजेची नसतेच. एकेक फ्रेट चढत वाजवा, तो सूर सापडला की दुसऱ्याला वाजवायला लावून स्वतः मागची फळी, हँडल, ट्यूबचं कव्हर, शेजारचा स्नेअर ड्रम हाताने दाबत जा.

नॉइज गेट विकत घ्यायची घाई मला पटत नाही. तुम्ही थांबलात की गेट आवाज कापतो, वाजवत असताना मात्र तो आवाज खालून येतच राहतो.

एवढं करूनही अ‍ॅम्प दुरुस्तीला न्यावा लागला, तर कोणत्या नॉबने आवाज बदलतो, गरम झाल्यावर वाढतो का आणि केबल काढल्यावर काय होतं, हे कागदावर लिहून न्या. सोबत तुमची गिटार आणि नेहमीची केबलही आणा.