पावसाळ्यात बारा बोअर: घरच्या घरी साफसफाई आणि जपणूक

पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली बारा बोअरची (हे नळीच्या व्यासाचं माप) दुनळी बंदूक वर्षाकाठी फारसे बार काढत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर ती बिघडते जून ते सप्टेंबरच्या दमट हवेने, आणि त्या हवेच्या धास्तीने ओतलेल्या भरमसाट तेलाने. इथली पद्धत मधून मोडून उघडणाऱ्या काडतुशी बंदुकीची आहे.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. नळ्यांचं तोंड माणूस, गोठा किंवा पातळ भिंत नसलेल्या बाजूला ठेवून बंदूक उघडणारा खटका फिरवा (चाप नव्हे), बंदूक मोडा, दोन्ही चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, डोळ्यांनी बघा आणि बोटही घालून बघा. अंधाऱ्या पडवीत पितळेचा मागचा भाग चटकन दिसत नाही, म्हणून बोट. बंदूक दुसऱ्याच्या हातून आली, तो ‘रिकामी आहे’ म्हणाला, तरी पुन्हा बघायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. साफसफाईच्या टेबलावर एकही काडतूस नको.

आता पुढची लाकडी पकड काढा, बंदूक मोडून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. पकड आणि दस्ता कोरड्या कापडावर बाजूला ठेवा. खिडक्या उघडा, चुलीजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ बसू नका. काळ्या पडलेल्या चिंध्यांत शिसं असतं, त्यामुळे रबरी हातमोजे घाला, मध्येच चहा-तंबाखू नको, मोरीत किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नकोच.

लागणारं सामान थोडं आहे: तुकडे जोडून लांब होणारा गज, बारा बोअरचा कांस्याचा ब्रश, लोकरी बोळा, जुना टूथब्रश, आणि धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराच्या सात-आठ सेंटिमीटरच्या चौकोनी चिंध्या. नळी साफ करायचं तयार द्रावण मिळालं तर उत्तम. रॉकेलही मळ सोडवतं, पण ते उडून गेलं की लोखंड उघडं पडतं. रॉकेलने पुसून तसंच ठेवलं तर पावसाळ्यात दोन-चार दिवसांत तांबूस झाक दिसू लागते.

गज नेहमी चेंबरच्या बाजूने घाला. पहिली चिंधी द्रावणात भिजवून आरपार काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग ब्रश आठ-दहा वेळा फिरवा. प्रत्येक फेरीत तो तोंडातून पूर्ण बाहेर निघाला पाहिजे. मध्येच उलटा ओढला तर तारा वाकतात आणि ब्रश पुढच्या खेपेला निकामी होतो. त्यानंतर कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. नळी उजेडाकडे धरून बघा. चेंबर संपून नळी अरुंद होते तिथे राखाडी थर दिसला तर ते शिसं. नळीभर लांब पट्टे दिसले तर काडतुसातल्या प्लास्टिकच्या बुचाचे. दोन्हींना पुन्हा द्रावण, पुन्हा थांबणं. जोर लावून उपयोग नाही.

बहुतेक लोक नळी चकचकीत करतात आणि चेंबर विसरतात. तिथला गंज किंवा वितळलेलं प्लास्टिक यामुळेच झाडलेलं काडतूस अडकतं, आणि मग ते चाकूने उचकटण्याचा उद्योग होतो. ब्रश चेंबरमध्ये गोल फिरवा. काडतूस बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टर बाहेर ओढून त्याच्याखालची खाच टूथब्रशने घासा. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा कचरा बसला तरी बंदूक नीट मिटत नाही.

तेल आणखी एका चिंधीवर, प्रत्येक नळीसाठी तीन-चार थेंब. बोट फिरवलं तर जेमतेम ओशट लागावं. बाहेरूनही तसाच हात फिरवा, कारण घामाचे ठसे निळसर मुलाम्यावर आधी गंजतात. बंदूक जिथे मोडते त्या बिजागरीच्या आसाला चिमटीभर नव्हे, काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकं ग्रीस. तेल जास्त झालं की ते झिरपत दस्त्यात जातं, लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं, शेवटी बार काढताना बसणाऱ्या धक्क्याने तडकतं. म्हणून तेल लावल्यावर पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून ठेवा. शिवणयंत्राचं तेल चालतं, पण पातळ असल्याने पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. खोबरेल नको: थंडीत ते थिजतं, एरवी चिकट होऊन आतले भाग अडखळवतं.

दस्त्याला उकळलेलं जवसाचं तेल, दोन थेंब, तळव्याने चोळून. या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेटू शकतात, म्हणून त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

वरवरचा तांबूस गंज तेलात भिजवलेल्या सगळ्यात बारीक स्टील वुलने हलक्या हाताने जातो, थोडा मुलामाही जातो. पॉलिश पेपर मात्र लावू नका.

बंदूक भिजून आली तर आधी सुटी करून पुसा, सावलीत वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात लाकूड वाकतं. चामडी खोळ पावसाळ्यात ओल धरते, त्यापेक्षा बंदूक सुती कापडात, कुलपाच्या लोखंडी कपाटात बरी. सोबत सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बाहेर काढून तापवून पुन्हा वापरता येतात.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. ती भरलेली आहे की नाही हे वरून कळतच नाही. निपलवरची (नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या बोंडावरची) ठिणगी देणारी टोपी काढलेली आहे ना हे बघून, तोंडासमोर न येता, बाजूने गज हळूच आत सोडा, तोंडाशी खूण करा, आणि नंतर तो नळीच्या बाहेरून धरून मापा. निपलपासून दोन-चार बोटं अलीकडेच तो थांबत असेल तर आत बार आहे. तो घरी उपसू नका, परवानाधारक कारागिराकडे द्या. काळ्या दारूची राख पाणी शोषते, त्यामुळे रिकामी नळी बार काढल्याच्या दिवशीच गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मग तेल.

महिनाभर पडून राहिलेली बंदूक वापरण्याआधी, रिकामी असल्याची खात्री करून, मोडून चेंबरच्या बाजूने नळीतून आरपार बघायची. कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते, कधी मागच्या वेळची चिंधीच आत राहिलेली असते. अशा अडथळ्यावर बार काढला की नळी फाटते. नळी मोकळी दिसली की एक कोरडी चिंधी फिरवून तेल टिपून घ्या.

आतली कळ, म्हणजे चाप, घोडे आणि स्प्रिंग, घरी उघडू नका. स्क्रूच्या खाचा बिघडतात आणि चापाचा जोर बदलतो. पुढची पकड काढून, मिटलेली रिकामी बंदूक दस्त्याच्या मानेशी धरून हलवा. खडखडली तर सांधा सैल आहे. नळीला पोचा दिसला, आत खड्डे पडले किंवा खटका आपोआप सरकला तरी बार काढू नका. शस्त्रदुरुस्तीला कायद्याने वेगळा परवाना लागतो, तेव्हा गावच्या लोहाराकडे जाऊ नका. अधिकृत दुकानात जाताना आपला परवाना बरोबर घ्या, काडतुसं घरीच ठेवा.