मीटरवरचा आकडा आणि गाडीचे मोल: जुनी इटालियन स्पोर्ट्स कार जोखताना या चुका टाळा

जुनी गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती चालली आहे?’ हाच असतो, आणि रोजच्या वापरातल्या गाडीसाठी तो योग्यही आहे. मात्र १९६० ते १९९० या काळातली फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती किंवा आल्फा रोमिओ समोर असताना याच प्रश्नापासून सुरुवात केली, तर किमतीचा हिशेब बहुधा चुकतो. या गाड्यांचा बाजार मुख्यतः युरोप आणि अमेरिकेत आहे. तिथे स्थायिक झालेल्या आणि हौसेने अशी एखादी गाडी घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींनाही हा हिशेब नव्याने शिकावा लागतो, कारण भारतातल्या सेकंडहँड बाजाराचे आडाखे तिथे फारसे उपयोगी पडत नाहीत.

सगळ्या गाड्यांना किलोमीटरचे एकच गणित लावणे

फेरारी २५० जीटीओ या गाडीच्या १९६२ ते १९६४ या काळात केवळ ३६ प्रती तयार झाल्या. त्यांपैकी एक २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली, आणि दुसरीने २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरचा पल्ला गाठला. या दोन्ही व्यवहारांत मीटरवर काय दिसत होते, याला काडीचेही महत्त्व नव्हते. शर्यतीत धावलेल्या गाडीचे इंजिन अनेकदा उघडलेले असते, भाग बदललेले असतात, पत्रा ठोकून सरळ केलेला असतो. २०१८ मध्ये विकल्या गेलेल्या गाडीला तर १९६४ मध्येच स्कालिएत्तीच्या कारखान्यात नव्या धर्तीची बॉडी बसवलेली होती. तरीही तिची किंमत घटली नाही, कारण तो बदल त्याच काळात आणि फेरारीसाठी नेहमी बॉडी घडवणाऱ्या कारागिरांनीच केलेला होता. अशा गाडीचे मोल तिची ओळख, तिचा इतिहास आणि तो सिद्ध करणारी कागदपत्रे यांवर ठरते.

आता याच्या दुसऱ्या टोकाला फेरारीचीच १९८४ मध्ये आलेली टेस्टारोसा पाहा. ती हजारोंच्या संख्येने तयार झाली. त्यामुळे ग्राहकाला निवडीस भरपूर वाव असतो, आणि एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांपैकी १२ हजार किलोमीटर चाललेली गाडी ७० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा ठळकपणे महाग ठरते. १९८७ ते १९९२ या काळातली फेरारी एफ४० संख्येने पुष्कळ कमी, सुमारे तेराशे. पण त्यांतल्या बऱ्याच गाड्या १९८०च्या दशकाअखेरच्या तेजीत गुंतवणूक म्हणून घेतल्या गेल्या आणि झाकून ठेवल्या गेल्या. परिणामी अगदी कमी चाललेल्या एफ४० आजही बाजारात येतात, आणि व्यवस्थित वापरलेली, नीट निगा राखलेली गाडी त्यांच्या शेजारी उगाचच ‘जास्त चाललेली’ ठरते. चालवण्यासाठीच गाडी हवी असेल, तर सौदा खरे तर याच दुसऱ्या गटात मिळतो, असे माझे मत आहे.

या दोन टोकांच्या मध्ये १९६०च्या दशकाअखेरच्या आणि १९७०च्या दशकातल्या गाड्या येतात: फेरारीच्या डिनो २४६, डेटोना आणि ३०८ जीटीबी, तसेच मासेराती गिबली. त्यांच्या बाबतीत मीटरचा आकडा मोजला जातो खरा, पण तो कागदांनी सिद्ध होत असेल तरच.

मीटरचा आकडा हाच पुरावा मानणे

त्या काळातल्या अनेक मीटरांत पाचच आकडे असल्यामुळे ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येत. केबलवर चालणाऱ्या मीटरची केबल काढून ठेवणे हे काही मिनिटांचे काम होते. शिवाय गाडी युरोपातून अमेरिकेत गेली की अनेकदा किलोमीटरचा मीटर काढून मैलांचा बसवला जाई, आणि ती परत आली की उलट. अशा गाडीवर ‘३१,०००’ असे दिसले, तर ते मैल की किलोमीटर, आणि कोणत्या मीटरचे, हे आधी ठरवावे लागते. मैल समजून किलोमीटर मोजले किंवा किलोमीटर समजून मैल मोजले, तर अंदाज साधारण १.६ पटीने चुकतो.

सरकारी नोंदींवरही पूर्ण विसंबता येत नाही. अमेरिकेत विक्रीच्या वेळी मीटरचा आकडा लेखी जाहीर करण्याच्या बंधनातून या वयाच्या गाड्या मुक्त आहेत, त्यामुळे मालकीच्या कागदावर ‘सूट’ एवढाच शेरा असू शकतो आणि तो संशयास्पद नसतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या नोंदी २००५ पासून संगणकावर सहज पाहता येतात. मात्र २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना ती तपासणी सक्तीची राहिलेली नाही, म्हणून अगदी अलीकडच्या वर्षांतच नोंद तुटलेली आढळते. इटलीत सार्वजनिक वाहन नोंदणीकडून मालकांचा कालानुक्रमे उतारा मिळतो. त्यात किलोमीटर नसतात, पण गाडी कोणत्या वर्षी कोणाच्या नावावर होती हे कळते, आणि विक्रेत्याने सांगितलेली कहाणी त्याच्याशी ताडून पाहता येते.

यावर उपाय कष्टाचा असला तरी सोपा आहे. सर्व्हिसची जुनी बिले, तपासणीचे दाखले, मालकांमधला पत्रव्यवहार, जुन्या विक्रीच्या जाहिराती असे जे काही हाती लागेल ते तारखेनुसार लावावे आणि प्रत्येक कागदावरचा आकडा त्यापुढे लिहावा. आकडे सलग चढत गेले, तर मीटर बहुधा खरा आहे. मध्येच एखादा आकडा खाली आला किंवा बारा-पंधरा वर्षे काहीच सापडले नाही, तर त्या गाडीची किंमत ‘किलोमीटर अप्रमाणित’ असे धरूनच करावी. सोबत गाडीची झीजही पाहावी: पेडलचे रबर, चालकाच्या सीटची कड, दाराच्या बिजागऱ्या, गिअरच्या दांड्याभोवतीची जाळी. १८ हजार किलोमीटरच्या गाडीत पेडल गुळगुळीत झालेले असेल, तर एक तर पेडल दुसऱ्या गाडीचे आहे किंवा आकडा. मीटर बदललेला असला तरी तेवढ्याने गाडी बाद होत नाही. बदलाची तारीख आणि जुन्या मीटरवरचा आकडा दाखवणारे बिल असेल, तर जाणकार खरेदीदार दोन्ही आकड्यांची बेरीज मान्य करतो.

कमी चाललेली म्हणजे निकोप, असे समजणे

पंधरा वर्षे उभी राहिलेली गाडी कागदावर ‘फक्त ९ हजार किलोमीटर’ म्हणून मिरवते, पण तिच्यातले रबर, पेट्रोल आणि ब्रेक ऑइल यांचे वय मीटरवर दिसत नाही. ३०८, ३२८ आणि टेस्टारोसा यांच्या इंजिनांत झडपा उघडणारे कॅमशाफ्ट फिरवणारे पट्टे आहेत, आणि ते केवळ अंतरावर नव्हे तर वर्षांवरही बदलावे लागतात, कारण पट्टा तुटला की झडपा पिस्टनवर आपटतात. ३०८ मध्ये हे काम इंजिन जागेवर ठेवून होते. टेस्टारोसात मात्र त्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते, आणि बिलही त्याच प्रमाणात फुगते. एफ४० मध्ये पेट्रोलसाठी रबरी पिशव्यांच्या टाक्या असतात. त्यांचेही आयुष्य ठरलेले असते, आणि त्या बदलण्याचा खर्च पाहून नवखा मालक हबकतो. डिनो आणि डेटोना यांच्यात पट्ट्यांऐवजी साखळ्या आहेत, म्हणून ही एक चिंता तिथे नाही. पण डिनोचा पत्रा गंजासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि सुंदर रंगाखाली दारांच्या खालच्या कडा व चाकांवरच्या कमानी पुट्टीने भरलेल्या असणे हा नेहमीचा प्रकार आहे. सुरुवातीच्या ३०८ जीटीबीची बॉडी फायबरग्लासची असल्याने तिला गंज लागत नाही असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही आहे, पण तिच्या आतली नळ्यांची शासी, म्हणजे सांगाडा, पोलादाचीच आहे.

म्हणून उभ्या राहिलेल्या गाडीची किंमत ठरवताना आधी ती रस्त्यावर आणण्याचा खर्च तज्ज्ञ मेकॅनिककडून लेखी घ्यावा आणि तो किमतीतून वजा करावा. टायरच्या बाजूवर असलेला चार आकड्यांचा कोड त्याचा आठवडा आणि वर्ष सांगतो. ‘कालच सगळे केले’ म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या गाडीला बारा वर्षांपूर्वीचे टायर असतील, तर बाकीच्या दाव्यांचीही तितक्याच बारकाईने तपासणी व्हावी.

अवस्थेची श्रेणी स्वतःच्या मनाने ठरवणे

अमेरिकी बाजारात हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा आणि मूल्यांकन करणाऱ्या कंपनीची एक ते चार ही श्रेणी सर्रास वापरली जाते. पहिली म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी, दुसरी म्हणजे अतिशय उत्तम, तिसरी म्हणजे चांगली पण जवळून दोष दिसणारी, आणि चौथी म्हणजे चालती पण थकलेली. जवळजवळ प्रत्येक मालक आपली गाडी दुसऱ्या श्रेणीत बसवतो, तर चालत्या-फिरत्या बहुतेक गाड्या तिसऱ्या श्रेणीत मोडतात. रंग चकाकतो आहे म्हणून श्रेणी वर जात नाही. मूळचा हिरवा, निळा किंवा तपकिरी रंग झाकून केलेला लाल रंग अनेकदा श्रेणी आणि किंमत दोन्ही खाली आणतो, कारण आज खरेदीदार गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग शोधतो.

चौथ्या श्रेणीची गाडी स्वस्तात घेऊन पहिल्या श्रेणीत नेण्याचा मोह ही सर्वांत महागडी चूक आहे. फेरारीच्या इंजिनाच्या कामाचे दर गाडीच्या बाजारभावाप्रमाणे कमी होत नाहीत. फेरारीच्या तुलनेने स्वस्त मोंडियालचे इंजिन उघडायला साधारण तेवढेच तास लागतात जेवढे तिच्याहून कितीतरी महाग भगिनीचे. ज्या गाडीची पहिल्या श्रेणीतली किंमतच बेताची आहे, तिच्यावर केलेली पुनर्बांधणी कधीच भरून निघत नाही. लॅम्बोर्गिनी मियुरा किंवा फेरारीच्या २५० मालिकेतल्या गाड्यांचे गणित वेगळे आहे, कारण तिथे कामाचा खर्च अंतिम किमतीचा छोटा भाग असतो.

ओळख न तपासता अवस्थेवर भुलणे

डेटोनाची उघड्या टपाची स्पायडर आवृत्ती कारखान्याने सव्वाशेच्या आतच बनवली. तिचे भाव बंद टपाच्या कूपेच्या कित्येक पट असल्याने अनेक कूपे गाड्यांचे टप पुढे कापण्यात आले. त्यांपैकी काहींचे काम अप्रतिम आहे, पण त्या स्पायडर ठरत नाहीत आणि त्यांना स्पायडरची किंमत मिळत नाही. डिनोच्या बाबतीत रुंद कमानी आणि डेटोना धर्तीच्या सीट हा जादा किमतीचा पर्याय होता. तो नंतर बसवलेल्या गाड्याही खूप आहेत. (डिनोवर कारखान्यातून फेरारीचे बोधचिन्ह नसे. हौशी मालकांनी ते लावले, पण ते काढणे सोपे असल्याने त्याची काळजी करू नये.)

तपासणी शासी नंबरपासून सुरू करावी आणि इंजिन नंबर, गिअरबॉक्स नंबर व फेरारीचा अंतर्गत क्रमांक हे सर्व कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का ते पाहावे. २००६ पासून फेरारीचा क्लासिके विभाग अशी प्रमाणपत्रे देतो. प्रमाणपत्र जुने असेल, तर ते दिल्यानंतर काही बदलले आहे का, हेही विचारावे. मूळ इंजिन नसलेली पण उत्कृष्ट अवस्थेतली गाडी घेण्यात गैर काही नाही, फक्त तिची तुलना मूळ इंजिनाच्या गाडीशी करू नये.

चुकीच्या विक्रीशी तुलना करणे

२०१५ मध्ये पॅरिसला, फ्रान्समध्ये अनेक वर्षे शेडमध्ये पडून राहिलेल्या बायों संग्रहातली धुळीने माखलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली, आणि तेव्हापासून गोदामात सापडलेल्या प्रत्येक गाडीचा मालक धूळ पुसायला तयार नसतो. ती गाडी दुर्मीळ होती, बऱ्याच अंशी पूर्ण होती, तिच्यात पुढे फारशी ढवळाढवळ झालेली नव्हती आणि फ्रेंच अभिनेता अलँ दलों तिचा एकेकाळी मालक होता. साध्या ३०८ वरच्या धुळीला बाजार काहीही देत नाही. जाहिरातीतल्या मागणीच्या किमती तर तुलनेतून वगळाव्यातच. वर्षही पाहावे: १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारल्यानंतर भाव कडाडले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोसळले, हे लक्षात असलेला माणूस दहा वर्षांपूर्वीचा निकाल आजच्या गाडीला लावत नाही.

लिलावाचा निकाल वाचताना तो आकडा हातोड्याचा (म्हणजे बोली थांबली तेव्हाचा) आहे की कमिशनसह, हे बघावे. समजा बोली १ लाख डॉलरवर थांबली आणि खरेदीदाराचे कमिशन १२ टक्के असेल, तर प्रसिद्ध होणारी किंमत १ लाख १२ हजार असते, तर विक्रेत्याचे स्वतःचे कमिशन ५ टक्के धरल्यास त्याच्या हाती ९५ हजार येतात. विकायची असेल तर यांतल्या तिसऱ्या आकड्याशी तुलना करावी, आणि घ्यायची असेल तर दुसऱ्यात वाहतूक, आयात कर आणि पहिल्या सर्व्हिसचा खर्च मिळवावा.