बिअर पातळ का झाली? कॅन हातात घ्या आणि स्वतःच हिशोब काढा

मावसभाऊ सांगलीहून लेस्टरला आला, पहिल्याच संध्याकाळी मी त्याच्यासमोर लागरचा कॅन ठेवला, त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, दादा ही बिअर आहे की बिअरचा ग्लास विसळलेलं पाणी. आता तो ८ टक्क्यांपर्यंतच्या स्ट्राँगवर वाढलेला माणूस, त्याचं असं होणारच. पण इथे वीस वर्षं राहिलेले लोकही हेच बोलतात आणि ते काही खोटं बोलत नाहीत. ब्रिटनमधली कार्ल्सबर्ग ३.८ टक्क्यांवरून ३.४ वर आली, फॉस्टर्स ४ वरून ३.७ वर, दोन्ही २०२३ मध्ये. ओल्ड स्पेकल्ड हेनची बाटली ५ ची ४.८ झाली, स्पिटफायरची ४.५ ची ४.२. स्टेला तर एके काळी ५.२ होती, आता ४.६.

कंपन्यांना विचारलं तर लोक आता तब्येतीला जपतात म्हणून, असं उत्तर येतं. ते अगदीच खोटं नाही, पण त्याआधी जरा गणित करून बघू, सातवीतलंच आहे.

कॅनवर दोन आकडे शोधायचे. एक मिली, दुसरा टक्के, म्हणजे एबीव्ही. दोन्हींचा गुणाकार करून १०० ने भागा, की त्या कॅनमध्ये निव्वळ अल्कोहोल किती मिली आहे ते आलं. ४४० मिलीचा ४ टक्केवाला कॅन असेल तर १७.६ मिली. (याला १० ने भागलं की इथले ते 'युनिट' मिळतात, १.७६. सरकार म्हणतं आठवड्याला १४ च्या वर जाऊ नका.)

आता ड्युटी. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये दारूवरचा टॅक्स नव्याने बांधला, सगळा अल्कोहोलच्या प्रमाणावर. तेव्हाचे रेट लक्षात ठेवायला सोपे म्हणून तेच घेतो, नंतर ते बदललेत, आजचा हिशोब हवा असेल तर सरकारी साइटवरून ताजा आकडा टाका, पद्धत तीच. ३.५ ते ८.४ टक्क्यांच्या बिअरला निव्वळ अल्कोहोलच्या लिटरमागे २१.०१ पौंड, म्हणजे मिलीमागे साधारण २.१ पेन्स. आणि ३.५ च्या खाली गेलात की? ९.२७ पौंड. मिलीमागे पेनीसुद्धा पुरी नाही. निम्म्याहून कमी!

चला लावू. ४ टक्क्यांचा कॅन, ड्युटी ३७ पेन्स. ३.७ टक्क्यांचा, ३४ पेन्स. ३.४ टक्क्यांचा, १४ पेन्स. परत वाचा. ४ वरून ३.७ ला आलं तर तीन पेन्सही वाचत नाहीत, पण तिथून पुढे तेवढंच अंतर उतरलं की एकदम वीस पेन्स, वर ड्युटीवरचा २० टक्के व्हॅट वाचतो तो वेगळाच. दर्जेदार चव, बदलती आवड वगैरे जे काही असेल ते असो, ३.४ हा आकडा इतक्या कॅनांवर अचानक का दिसायला लागला याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं. याआधीही कमी रेटची सोय होती, पण ती २.८ टक्क्यांपर्यंतच, आणि २.८ ला लागरला लागरची चव ठेवणं म्हणजे साखर कमी टाकून बासुंदी करण्यासारखं. २०२३ ला रेघ वर सरकली आणि मोठ्या कंपन्यांना परवडणारं झालं.

म्हणून दुकानात ३.६, ३.७ असं काही दिसलं तर समजायचं की हे ३.५ च्या ड्युटीच्या पायरीच्या वरच अजून उभे आहेत. आणि ५ ची ४.८ झाली असेल तर कंपनीने मिलीमागचे ते २.१ पेन्स चिल्लर चिल्लर वाचवलेत, ५०० मिलीच्या बाटलीत १ मिली अल्कोहोल कमी म्हणजे दोन पेन्स. दोन पेन्स म्हणजे काय मोठं, पण लाखो बाटल्यांवर धरा ना.

पाणी घालतात का, हा भावाचा पुढचा प्रश्न. हो आणि नाही. मोठ्या कारखान्यात लागर आधीच जास्त कडक बनवतात आणि शेवटी पाणी घालून हव्या त्या टक्क्याला आणतात, तो काही घोटाळा नाही, जुनी पद्धत आहे. दुसरा मार्ग म्हणजे मुळात माल्टच, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कमी घ्यायचा. तिसरा मला सगळ्यात आवडतो, माल्ट गरम पाण्यात भिजवताना ६४-६५ डिग्रीऐवजी ६८-७० ठेवायचं, मग अशी साखर जास्त सुटते जी यीस्टला खाता येत नाही, अल्कोहोल कमी होतो पण तोंडात बिअर पाणचट लागत नाही. हलकी असून भरीव लागणारी बिअर मिळाली तर बनवणाऱ्याने डोकं लावलंय असं समजा.

सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या रसापासूनच्या दारूचं, मात्र हे गणित चालत नाही, इथे लोक फसतात. ३.५ ते ८.४ टक्क्यांच्या सायडरला २०२३ चा रेट होता ९.६७ पौंड, म्हणजे ३.५ च्या खालच्या रेटच्या जवळजवळ शेजारीच. पायरीच नाही. ४४० मिलीचा सायडर ४.५ वरून ४ वर आणला तर वाचतात दोन पेन्स. मग कशाला करतात? एक तर सफरचंदाचा रस महाग, पाणी स्वस्त. ब्रिटनमध्ये सायडर म्हणवून घ्यायला किमान ३५ टक्के रस असला की झालं, बाकीची जागा मोकळी. दुसरं कारण स्कॉटलंड. तिथे १ मे २०१८ पासून युनिटमागे किमान ५० पेन्स लावल्याशिवाय विकता येत नाही, ३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स. ७.५ टक्क्यांची ३ लिटरची स्वस्तातली सायडरची बाटली म्हणजे साडेबावीस युनिट, ५० पेन्सने धरली तरी सव्वाअकरा पौंड. कोण घेणार? टक्के कमी केले की किमान किंमत आपोआप खाली येते. बिअरलाही हेच लागू, ४४० मिलीचा ४ टक्केवाला कॅन ६५ पेन्सच्या हिशोबाने १ पौंड १४ पेन्सच्या खाली विकता येत नाही, ३.४ चा ९७ पेन्सला विकता येतो.

पबमध्ये टॅपच्या दांड्यावर किंवा बिल्ल्यावर टक्के लिहिलेले असतात, तिथे वाचा, लाजू नका. फक्त तिथे २.१ पेन्सने गुणू नका, २० लिटर किंवा त्याहून मोठ्या पिंपातून येणाऱ्या बिअरला ड्युटी थोडी कमी आहे, २०२३ ला १९.०८ पौंड होती. ३.५ च्या खाली ८.४२. म्हणजे पायरी तिथेही आहेच.

राग कशाचा येतो तर टक्के कमी झाले तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चार कॅनच्या पॅकची किंमत जिथे होती तिथेच राहिली. कमी कडक बिअर मला व्यक्तिशः चालते, बुधवारी रात्री मॅच बघताना दोन घेतल्या तरी सकाळी डोकं जागेवर असतं. पण वाचलेल्या वीस पेन्समधले निदान दहा तरी इकडे द्या की. तेव्हा पुढच्या वेळी रिकामा कॅन फेकायच्या आधी टक्क्याचा फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी तोच ब्रँड आणि तीच किंमत बघितली की शेजारी ठेवून बघता येईल. भावाने माझ्या फोनमध्ये तसा अल्बमच करून दिलाय आणि त्याला नाव ठेवलंय 'विसळलेलं पाणी'.