बेल बकल बघायचंय? मग आधी रुळांपाशी जा

नॅशव्हिलला राहत असाल तर एखादा शनिवार काढून बेल बकलला जाच, साधारण ५० मैल, तासाभराचा ड्राइव्ह. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं जेमतेम काहीशे लोकवस्तीचं गाव, पण बहुतेक जण आइस्क्रीम खातात, अँटिकची दुकानं फिरतात आणि परत येतात, इथली जुनी व्हिक्टोरियन घरं नीट बघायची राहूनच जातात.

गाडी पार्क केली की आधी रुळांकडे तोंड करून उभं राहा. मागे विटांच्या जुन्या दुकानांची रांग आहे ना, ती सगळी रुळांकडे बघतेय, कारण नॅशव्हिल-चॅटनूगा रेल्वे आली म्हणून तर गाव वसलं. ती लाइन १८५४ ला पूर्ण झाली, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी! मालगाड्या अजूनही धडधडत जातात, त्यामुळे फोटोसाठी रुळांवर अजिबात जाऊ नका.

मग घरांच्या गल्लीत शिरा, आणि सावकाश चाला. व्हिक्टोरियन म्हटलं की आपल्याला सीएसएमटीचा दगड आठवतो, इथे मात्र सगळं लाकूड. यातली एक शैली म्हणजे क्वीन ॲन, तसं घर ओळखायचं कसं, तर डावी-उजवी बाजू सारखी नसते, एखाद्या कोपऱ्यात बुरूज, दोन-तीन बाजूंनी वळत गेलेली पडवी, आणि वर छपराच्या त्रिकोणात माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्या एकावर एक बसवलेल्या. पडवीचा खांब वर जिथे छपराला भिडतो तो कोपरा जरूर बघा, तिथली कातीव नक्षी लेससारखी दिसते. अशी नक्षी तेव्हा कारखान्यात मशीनवर कापायचे आणि ती रेल्वेने गावोगावी जायची, म्हणून दोन घरांची नक्षी जुळतेय का ते शोधा, मला तर यातच सगळ्यात मजा येते. घराचे प्लॅनसुद्धा पोस्टाने मागवता यायचे, नॉक्सव्हिलचा जॉर्ज बार्बर हाच धंदा करायचा.

वेब स्कूल ही जुनी खासगी शाळाही चुकवू नका, ती १८८६ ला इथे आली. त्याच वर्षी मे अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रेल्वे कंपन्यांनी जेमतेम दोन दिवसांत हजारो मैलांच्या दोन रुळांमधलं अंतर ५ फुटांवरून ४ फूट ९ इंचांवर आणलं, म्हणजे उत्तरेकडचे डबे थेट दक्षिणेत यायला लागले, आणि या घरांचा काळ साधारण त्याच्या आसपासचाच.

जूनमधल्या मूनपाय (मार्शमॅलो भरलेलं बिस्किट) फेस्टिव्हलला गर्दी मरणाची असते, घरं बघायला तो दिवस टाळा. आणि घरात लोक राहतात हो, फोटो फुटपाथवरूनच काढा, कुणी पडवीत बसलेलं दिसलं तर हात करा.