धनेशाची ढोली शोधण्याआधी सातबारा वाचायला शिका

देवरुखच्या आसपास धनेश (हॉर्नबिल) या मोठ्या चोचीच्या पक्ष्यांच्या अधिवासावर काम सुरू करून मला सहा वर्षं झाली. दुर्बीण, जीपीएस, पाहणीच्या पद्धती हे सगळं तुम्ही शिकूनच येणार, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. मला फटका बसला तो एका कागदामुळे. तेवढंच नीट सांगते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं जंगल बहुतेक खासगी मालकीचं आहे. ज्या बेहड्याच्या ढोलीत मादी अंडी घालण्यासाठी, एक फट सोडून, स्वतःला चिणून घेते, तो कुणाच्या तरी वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत उभा असतो. त्यामुळे वनखात्याशी पत्रव्यवहार केला की झालं, असं इथे होत नाही. शिवाय विणीचा काळ आणि लाकूडतोडीचा काळ एकच, होळीच्या आगेमागे.

पहिल्याच वर्षी आम्हाला ककणेराची, म्हणजे धनेशाच्याच एका जातीची, ढोली सापडली. नर उंबराची फळं आणून फटीतून आत भरवत होता. मी सातबारा काढला. त्यावर एकच नाव होतं आणि नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी तीन अक्षरं. ती मी वाचली आणि पुढे गेले. ते काका गावातच राहत. झाड राखायचं त्यांनी आनंदाने कबूल केलं, करारावर सही केली.

पुढच्या मार्चमध्ये ठेकेदाराने त्या अख्ख्या गटातली, म्हणजे जमिनीच्या तुकड्यातली, झाडं साफ केली. मादी ढोलीत होती. त्या दिवशीचं मला अजून लिहवत नाही.

ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी घरातल्या कर्त्याचं नाव जमिनीला लागायचं, पण भावांचा हक्क तसाच राहायचा. कागदावर माणूस एक दिसतो, जमीन सगळ्यांची असते. काकांचे भाऊ वारलेले, त्यांची मुलं मुंबईला. त्यातल्या एका पुतण्याने तोडीचा व्यवहार केला होता. मी तावातावाने फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, “आमाला कोनी इचारलं? आमचा हिस्सा नाय त्यात?” त्याचं बरोबर होतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा सातबाऱ्यावर थांबू नका. त्या गटाचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. वारसनोंदी झाल्यात का, मयतांची नावं अजून तशीच आहेत का, ते पाहा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. कोण दत्तक गेला, कोण कुठल्या चाळीत राहतो, कुठली लेक कुठे दिली, हे तलाठ्यापेक्षा तिला पक्कं ठाऊक असतं. लेकींना विसरू नका. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाल्यापासून वडिलार्जित मिळकतीत त्यांचा मुलाइतकाच हक्क आहे. हे सगळं करायला एक पावसाळा जातो. जाऊ द्या.

“सरपंचाची सही घे, पुरे,” असं मला एका ज्येष्ठांनी सांगितलं होतं. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हा सल्ला घातक आहे. खासगी झाडावर सरपंचाचा काय अधिकार? मार्गदर्शक निवडताना त्याचे शोधनिबंध मोजत बसू नका. तो गावात एक भातलावणी राहिलाय का, ते विचारा.

दुसरी घाई राखीव क्षेत्राची. 2020 मध्ये सिंधुदुर्गातल्या तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्र झालं, तसं आपणही करू, असं प्रत्येक नवा माणूस म्हणतो. संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर होतं. खासगी जमिनीसाठी समुदाय राखीवची तरतूद आहे, पण तिथेही मालकांची राजीखुशी लागते. म्हणजे फिरून पुन्हा हिस्सेदारांच्याच दारात. देवराई असेल तर मानकरी, गुरव आणि देवाचा कौल. कौल मिळेपर्यंत टेपसुद्धा लावायची नाही.

एवढं वाचून घाबरलात तर मला वाईट वाटेल, कारण लोक नाही म्हणत नाहीत. गणपतीत आणि शिमग्याला सगळे गावी असतात. पालखी दारात येणार त्या दिवशी विषय काढू नका. रात्री भजन आटोपून चहा फिरतो, तेव्हा काढा. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाची रविवारची सभा असते, तिथेही जा. मी लालबागच्या एका खोलीत चाळीसेक माणसांसमोर ढोलीचे फोटो ठेवले, तेव्हा गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा उठून म्हणाले की लहानपणी त्यांनी याच पक्ष्याच्या पंखांचा आवाज ऐकलाय. त्या सभेत कुणालाही समजवावं लागलं नाही.

तो पुतण्या आता नालासोपाऱ्याहून महिन्यातून एकदा गावी येतो. गेल्या शिमग्याला त्याचा फोन आला: “वरच्या बेहड्याखाली बिया पडल्यात, ताज्या हायत. या बघायला.” मी गेले. खाली बिया होत्या, वर फट लिंपलेली होती. त्या झाडाच्या करारावर चौदा सह्या आहेत, त्यातली पहिली त्याची.